न्हानीच्या दारावरचं घर

"मूठ उघड आरू! उघड वं माय, मूठ उघड!"

मी बोंबलून राह्यली होती अन् पोट्टी मूठ अजून घट्ट दाबून राह्यली होती. मुठीत भुलाबाईच्या खाऊतली गूळ-खोबऱ्याची वडी होती, कालच्या संध्याकाळची, अर्धी चोखलेली. तीन वर्षाचं लेकरू ते. तिले वाटलं माय खाऊ हिसकून घेते. अन् त्या मुठीवर, अंगठ्याच्या खाचेत, गांधीलमाशी बसलती. पिवळी धमक, कंबर दोऱ्याएवढी, पाय खाली लोंबलेले. गूळ पाझरून हाताले लागला होता, तो चाटून राह्यली होती. तिले काही करायचंच नव्हतं. मी थांबली असती, लेकराचा हात हळूच बादलीत बुडवला असता, तं ती उडून गेली असती. पन एवढं सुचते कोनाले? मी हातानं झटकली. ती खाली पडली तं वरून चपलेनं रगडली.

अन् आम्ही दोघी उभ्या कुठं, तं न्हानीच्या दारात. चौकटीवर ताटलीएवढं घर होतं त्याइचं, बरोबर डोक्यावर.

चुलीवरच्या गंजात पानी उकळाले लागलं का आधी बारीक गुनगुनते अन् मंग एकदम खदखदते, तसा आवाज आला. मी वर पाहेपर्यंत त्या सुटल्या होत्या. माह्या मानेवर कोनं चुलीतला इस्तो ठेवल्यासारखं झालं, पन माहं मले काही नाई, आरूच्या कानावर, पापनीवर, वठावर. मी ओढनी तिच्या डोक्यावर टाकली, गुंडाळली, उचलून घरात पयाली, दार लावलं. तवा समजलं का दोन माश्या ओढनीच्या आतच राह्यल्या होत्या. आतच! लेकराले वाचवाले झाकलं अन् माश्यासंग बांधून आनलं मी.

आरू रडून राह्यली होती तोवर ठीक होतं. मंग ती रडायची थांबली.

हे मागच्या सालचं. पन मले ते मागच्या सालचं वाटतच नाही. आता पुन्हा तेच ऊन पडलं आहे, भादवा सरतानाचं, पाठीवर तापलेला तवा ठेवल्यासारखं. सोयाबीनचे पानं गळून गेले, नुसत्या शेंगा राह्यल्या, वाऱ्यानं वाजतेत. सकाळपासून कुठं ना कुठं हडंबा, मळनीची मशीन, सुरू राह्यते, सोयाबीन काढून राह्यले लोकं, कुटाराची, बारीक भुशाची धूळ इथपर्यंत येते, वाळत घातलेल्या कपड्याइवर बसते, मंग रातभर आंग खाजते. लोकाइले हा मौसम आवडते. घरात माल येते, पोरी संध्याकाळी भुलाबाईचे गाने म्हनत दारोदार फिरतेत, डब्बा वाजवून खाऊ ओळखाले लावतेत. मलेही आवडे. लहानपनी मी डब्बा नुसता कानाले लावून सांगो, मुरमुरे का फुटाने का शेंगदाने. आता मी डब्बा वाजला तरी दचकते. हडंब्याचा आवाज दुरून कसा येते माहीत आहे न तुम्हाले? एकसारखा, घुंऽऽऽ. हे वावरात असतेत, मी घरी चुलीजवळ, अन् तो आवाज वाऱ्यानं कमी-जास्त झाला का मी पोळी तव्यावर टाकून अंगनात पयते. आरू कुठं हाय? आरू! ते तं तुळशीजवळ माती खेळून राह्यते. फोन थरथरला तरी तसंच होते. हे हासतेत. म्हनतेत, "आमच्या घरी पूजाबाईनं छपराले नवस बोलला हाय, दिसभर वरच पाहत राह्यते."

हासू द्या. आधी मी खाली पाहून चालो, सापाच्या भेवानं. आता वर पाहून चालते. साप चावला तं चावला.

ते घर मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं, हे सांगितल्याशिवाय मले जमत नाही. आखाडीच्या आधी मी न्हानीत कपडे धुवून राह्यली होती तं चौकटीवर एक रुपयाएवढं काहीतरी दिसलं. राखोडी, कागदाचं केल्यावानी, पाच-सहा भोकं अन् एका दांडीवर उलटं लटकलेलं. एकच माशी. बोटानं टिचकी मारली असती तं पडलं असतं. मी बोट वर नेलंही होतं. पन मले दुसरा महिना होता, अन् सासूबाई मागून आल्या.

"हात खाली घे पूजा. पोटुशी बाई घरात असली का कोनाचं घर मोडत नाईत."

आमच्याकडे हे आहे. तुमच्याकडे असन का नाई मले माहीत नाई. कुंभारीन माशीचं आहे ते खरं तं. कुंभारीन म्हनजे कायी, लांबट, एकटीच फिरते, नाल्याकाठची ओली माती गोळा करून आनते अन् भिंतीच्या कोपऱ्यात, देवाच्या फोटोमागं, लाइटीच्या बोर्डावर मातीचं घर बांधते. बांधताना गाते. खरंच गाते, बारीक, नाकातल्या नाकात. ती घरात आली का बाया म्हनतेत पाळना हालनार. अन् पाळना हालनार असन तं तिच्या घराले कोनी फडा लावत नाई. भिंत सारवायची असली तरी तेवढी जागा सोडून सारवतेत. माह्या माहेरी तं देवघराच्या भिंतीवर तीन घरं होते, तिनी भावंडाइचे. माय दाखवे, हे तुहं.

अन् मी एकदा मोडलं होतं. आरूच्या पाठीवर मले दिवस गेले होते, तिसरा महिना, कोनाले सांगितलंही नव्हतं धड. दिवाळीसाठी घर झाडून राह्यली होती, फडा बांबूले बांधला अन् छताच्या पाटईखालचे जाळे काढले, तं त्यासंग मातीचा गोळा खाली पडला. फुटला. आत हिरव्या अळ्या अन् मेलेले कोळी, पाय गोळा केलेले. आठ दिवसानं माहं सगळं खाली गेलं. डॉक्टरीन म्हनाली, असं आपोआप होते, तुझी चूक नाही, वजन उचललं म्हणूनही नाही, कशानंच नाही. सासूबाई काहीच म्हनाल्या नाईत. नुसता तो फुटलेला मातीचा गोळा कागदावर गोळा केला अन् तुळशीच्या बुडाशी नेऊन ठेवला. काही बोलल्या असत्या तं बरं झालं असतं. मी भांडली तरी असती.

तं मंग मागच्या साली, पुन्हा दिवस गेलेले, वर चौकटीवर एक रुपयाएवढं घर, अन् मागून सासूबाईचा आवाज. सांगा, मी हात खाली नाई घेनार तं काय करनार?

मी एवढंच म्हनलं, "पन आई, हे कुंभारीन नाई. हे गांधील हाय."

"माशी ते माशी. घर ते घर. तिलेही लेकरं हायेतच न आत?"

हायेत. पांढरे, प्रत्येक भोकात एक, खाली तोंड करून लटकलेले, मी पाह्यले. अन् खरं सांगू? मले बरं वाटलं. ती तिचे लेकरं पाहते, मी माहं पाहते, असं वाटे. कपडे धुताना मी वर पाहो तं ती बसून भोकाच्या तोंडावर पंख हालवे, वारा घाले लेकराइले. मंग दोन झाल्या. पोळ्याले दहा. गनपती बसले तवा बशीएवढं, गनपती उठले तवा ताटलीएवढं. हे म्हनाले, पराटीवरचं औषध फवारून देतो पंपानं. सासूबाई म्हनाल्या, खबरदार. आम्ही न्हानीत वाकून जाऊ लागलो. वाकून जाची सवय झाली. पाहुने आले तं त्याइलेही सांगो, वाका. सगळं घर वाकत होतं अन् कोनाले त्यात काही वाटत नव्हतं. पोटामुळं माह्याकून तं दिसेंदिवस वाकनं होत नव्हतं, तरी मी वाके.

आरू वाकत नव्हती. तिचं डोकंच तेवढ्या उंचीवर नव्हतं.

सोयाबीन कापाले तांड्यावरची शेवंताबाई येते आमच्याकडे, दरसाल. पन्नाशीची बाई, हातभर पितळी-चांदीच्या बांगड्या, तोंड चालू अन् इळाही चालू. त्या दिवशी ती पानी प्याले आलती म्हनून बरं. मी दाराआडून आरडली तं तिनं ओलं पोतं डोक्यावर घेतलं अन् मागच्या दारानं आत आली. येता येता तिलेही एक लागली. "याडी वो!" म्हने, त्याइच्या बोलीत माय वं, अन् तशीच आली.

तवर सासूबाईनं काय केलं होतं, मीच काय केलं होतं. चुना लावला. इळ्याचं लोखंड घासलं. कांदा कापून चोळला. तुळशीची माती लावली. हे सगळं आमाले येते, पटपट येते, हाताले सवय आहे, अन् करताना वाटते आपन काहीतरी करून राह्यलो. आरू गप झाली तं सासूबाई म्हनाल्या, "पाय, उतरलं. शांत झाली पोरगी."

शेवंताबाईनं आरूची हनुवटी वर केली. वठ पावासारखे फुगले होते. डोये बुजले होते. आंगभर चकत्या, तांबड्या, एकात एक मिसळलेल्या. अन् श्वासाचा आवाज येत होता, सुपातून दाने पाखडल्यासारखा.

"शांत झाली म्हने! गया बुजून राह्यला पोरीचा अन् तुमी कोशिंबीर करून राह्यल्या तिची! गाडी काढ!"

गाडी कुठून काढू? हे वावरात, हडंब्यावर. फोन लावला, लावला, लावला. हडंब्याच्या आवाजात फोन ऐकू येते का कोनाले? शेवंताबाई धावत गेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, कापलेल्या सोयाबीनच्या खुंटाइवरून, पायात काही नाई. तेवढ्या टाइमात मी काय करत होती सांगू? मी आरूच्या तोंडाले तोंड लावून बसलती. फुकत नव्हती, मले ते येत नाही. नुसतं ऐकून राह्यली होती, पुढचा श्वास येते का. आला का मंग पुढचा.

हे आले तं डोकं-मिशा सगळं कुटारानं भरलेलं, ओळखू येत नव्हते. मोटरसायकलवर मधात आरू, मागं मी. आर्णीचा रस्ता त्या दिवशी कोनी लांबवला होता का काय. दर खड्ड्याले ती हिचकी दे, मले वाटे हेच शेवटचं. मी मागून ओरडे, "हळू!" अन् लगेच ओरडे, "जोरात!" हे म्हनाले, "एक काहीतरी सांग वं!"

सरकारी दवाखान्यातल्या मॅडमनं पाह्यलं अन् काही इचारलंच नाही. मांडीत सुई दिली. मंग सलाईन, मंग नाकाले नळी. मंग इचारलं. मी सांगितलं चुना, कांदा, लोखंड. त्या रागावल्या नाईत, ते जास्त लागलं. म्हनाल्या, "हिला माशीचं विष चालत नाही. सगळ्यांना असं होत नाही, हिला होतं. पुढच्या वेळी एकच चावली तरी असंच होऊ शकतं, याहून लवकरही. चुना लावत बसायचं नाही. सरळ आणायचं. आणि मारायची नाही, माशी चिरडली की बाकीच्यांना वास लागतो." मंग माह्या पोटाकडे पाह्यलं. "तुला किती चावल्या?" मी म्हनलं, मोजल्या नाईत. पाच होत्या. बीपी पाहून, तपासून त्या म्हनाल्या, बाळ ठीक आहे. तवा मी रडली. तवर नव्हती रडली.

एकच चावली तरी. हे तीन शब्द माह्या डोक्यात घर करून बसले, ते काही पडत नाहीत.

त्या संध्याकाळी यायनं, आरूच्या बापानं, बांबूच्या टोकाले चिंधी बांधली, पेट्रोलमधे बुडवली अन् ते घर जाळलं. सासूबाई घरात तोंड फिरवून बसल्या. न्हानीचं अर्धं छप्परही जळालं तं जळालं. मी दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी आली तं चौकटीवर काळा डाग होता अन् त्या डागाभोवती सात-आठ माश्या फिरून राह्यल्या होत्या. वावरात गेलेल्या असतीन, वापस आल्या तं घर नाही. चार दिवस फिरत होत्या. बसाले पाहत, जागा सापडे ना, पुन्हा उडत. मी आरूले घेऊन घरात कोंडून होती, झरोक्यातून पाहत होती. मले त्याइचा राग याले पाह्यजे होता न? आला नाही. राग आला असता त्यापेक्षा वाईट वाटलं.

शेवंताबाई ऐकून म्हनाली, "आमच्या तांड्यावरबी कुंभारनीले मानतेत. पन गांधिलीले कोन मानते वं बाई? तुमी कुनबी लोकं, देव कमी पडले का तुमाले?" सासूबाईनं तिले चहा दिला. रातच्याले आरूच्या पायापाशी बसून तिचे तळपाय चोळत होत्या. वाईट नाईत त्या. आरूच्या डोक्यावरून हात फिरवता फिरवता म्हनाल्या, "माह्यामुळं झालं." मंग पुन्हा थोड्या टाइमानं माह्या पोटाकडे पाहून, "पन ते जाळाले नको होतं."

फाल्गुनात गोलू झाला. साडेतीन किलो. सगळं ठीक. मी म्हनलं, पाहा आई, घर जाळलं तरी झाला न? तं त्या म्हनतेत, "माशीनं आधीच आपलं घेतलं होतं पोरीकून. म्हनून याले सोडलं." आता याले काय उत्तर आहे? मी नववी शिकली. माह्याजवळ एवढंच आहे, एकदा मोडलं तं एक गेलं. एकदा नाही मोडलं तं एक जाता जाता राह्यलं. याच्यातून कोनतं खरं काढू?

मंग मी एवढंच ठरवलं का मोठं होऊ द्यायचंच नाही. यंदा रोज सकाळी, ऊन याच्या आधी, मी घराभोवती चक्कर मारते. टिनाच्या खाली, बैलगाडीच्या जुवाखाली, संडासच्या पाइपाजवळ, उलट्या ठेवलेल्या बादलीत, जळतनाच्या ढिगात हात घालायच्या आधी काडीनं हालवून. आरूचं खानं घरातच, गोड तं घरातच, हात धुतल्याशिवाय बाहेर नाही. भुलाबाईचा खाऊ मी तिच्याकून घेऊन डब्यात ठेवते, ती रडते, रडू दे. माशी आली तं हात हालवायचा नाही, पुतळ्यासारखं राह्यचं, मंग हळूहळू चालत निघायचं, हे तिले शिकवलं. ती पाहुन्याइलेही शिकवते, "पुतला व्हा काका." मले हासू येते. चार वर्षाचं लेकरू अंगनात खेळता खेळता पुतळा होऊन उभं राह्यते, डोळे मिटून, अन् तिथं माशी नसतेच. नुसता हडंबा वाजत असते.

आता परवाचं सांगते. यासाठीच एवढं सांगितलं.

माही ननंद, सोनू, नेरले दिलेली, पहिल्या बाळंतपनाले आली आहे. आठवा अर्धा झाला. लाडाची, माह्या नवऱ्याची एकटी बहीन, मले वैनी वैनी करत मागं फिरते. चार महिन्याआधी तिलेही रक्ताचे डाग गेले होते, डॉक्टरनं झोपून ठेवलं होतं पंधरा दिवस. म्हनून घाबरट झाली. परवा दुपारी ती न्हानीच्या दारात पाटावर बसून केस धुवत होती, वर पाह्यलं अन् ओरडली, "वैनी! घर!"

एक रुपयाएवढं. तोच काळा डाग, त्याच्या बाजूलेच. मी त्या सकाळी तिथं पाह्यलंच नव्हतं, जळलेल्या जागी कायले येतीन म्हनून.

मी काडी आनाले वळली तं तिनं माहा हात धरला. ओला, शिकेकाईचा हात. "वैनी, नका न. माहं होऊ द्या. दीड महिना हाय फक्त. तुमचं माहीत हाय मले, आईनं सांगितलं, त्या दिवाळीचं." मंग हळूच, "तुमचे दोन झाले वैनी. माहं पहिलं हाय."

सासूबाई दारात उभ्या होत्या. यंदा त्याइनं नुसतं आरूकडे पाह्यलं, सोनूकडे पाह्यलं, अन् आत निघून गेल्या. यायले इचारलं तं म्हनाले, "तुमचं बायाइचं तुमीच पाहा. मी मागच्या साली जाळलं तं आजही ऐकून राह्यलो."

दीड महिना. दीड महिन्यात ते बशीएवढं होते. मले माहीत आहे, मी मोजलेलं आहे. अन् आरू दिवसातून दहादा न्हानीत जाते.

काल सकाळी मी उठली. फटफटाले लागलं होतं. सोनू झोपली होती, एका कुशीवर, पोटाखाली उशी घेऊन. मी गिलासात साबनाचं पानी केलं, स्टूल घेतला. माशी थंडीनं गोळा होऊन बसलती घरावर, एकटीच, हालत नव्हती. मी सगळं पानी एकदम टाकलं. पडली. काडीनं दांडी तोडली. घर तळहातावर घेतलं तं वजनच नव्हतं त्याले, वाळल्या पानाएवढंही नाही. चार भोकाइत चार अंडे, तांदळाच्या कनीएवढे. चुलीत टाकलं. मंग चहा मांडला.

दुपारी दोनच्या सुमारास सोनू म्हनाली, "वैनी, सकायपासून हालला नाई हा."

मी हातातली परात खाली ठेवली. ती म्हने, झोपला असन, आई म्हने साखरपानी दे, कुशीवर नीज. साखरपानी दिलं. कुशीवर झाली. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसली. अर्धा तास. काही नाही. दगडावर हात ठेवल्यावानी. सासूबाई म्हनाल्या, संध्याकाळपर्यंत पाहू. मी म्हनलं, नाही. मी एवढ्या जोरात कधी बोलली नव्हती त्या घरात. "चुना लावत बसत नाई मी आता. ऑटो बोलवा."

ऑटोत सोनू माह्या खांद्यावर, आरू माह्या मांडीत, गोलूले सासूबाईजवळ ठेवलं. दोन्हीकून सोयाबीनचे वावरं, हडंबे, धूळ. सोनू रडत नव्हती, ओठ दाबून बसलती. मले वाटून राह्यलं होतं का माह्या हाताले साबनाचा वास येऊन राह्यला आहे अन् तो तिले येऊन राह्यला आहे. मी हात ओढनीखाली घेतला. मनात म्हनून राह्यली होती, डॉक्टरीन म्हनाली होती न, कशानंच नाही. कशानंच नाही. कशानंच नाही. अन् दुसऱ्या बाजूनं, तू मोडलं. तू मोडलं.

दवाखान्यात मशीन लावलं तं आवाज आला. टपटप टपटप टपटप, घोडा पळाल्यासारखा. मॅडम म्हनाल्या, छान आहे, झोपला होता, पण आणलं ते बरं केलं. परत येताना ऑटोतच त्यानं लात मारली. सोनूनं माहा हात ओढून पोटावर ठेवला, "पाहा वैनी, पाहा!" अन् हासली, अन् मंग रडली, अन् माह्या खांद्यावर डोकं टेकवून म्हनाली,

"बरं झालं वैनी, तुमी माहं ऐकलं. त्या घराले हात नाई लावला."

आरूनं माह्या तोंडाकडे पाह्यलं. तिले माहीत आहे. सकाळी ती दारात उभी होती, पुतळ्यासारखी, मी उतरली तवा मले दिसली.

मी म्हनलं, "हूं."

काल सोनूची आंघोळ राह्यली होती, आज करनार आहे. पानी तापत ठेवलं आहे. ती वर पाहीन. माह्यासारखं तुमचं एक लेकरू अंगनात असतं, अन् दुसरीचं पोटात असतं, तं तुम्ही ते घर ठेवलं असतं का? अन् काढलं असतं तं त्या ऑटोत, तिचा हात हातात असताना, तुम्ही तिले काय सांगितलं असतं?